दोन जुनी कार्डे

ग्राफिक्स कार्डासारख्या विषयावर ह्या मासिकात लेख यावा, आणि तोही मराठी घेऊन एम. ए. झालेल्या व सरकारी शाळेत मुख्याध्यापकी करणाऱ्या माणसाने लिहावा, ह्याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्यांच्या घरी तेरा ते वीस वर्षे वयाचे मूल आहे त्यांना तसे वाटू नये. अशा घरांत एखाद्या रात्री, ताटात आमटी-भात असताना, हा शब्द अवचित येतो. त्याच्या पाठोपाठ एक रक्कम येते. आणि मग वडिलांचा आवाज चढतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी हे सर्व यथाक्रम घडले, आणि मुलाचा मामा म्हणून निवाड्याचे काम माझ्याकडे आले. तो निवाडा करताना जे कळले ते इतर घरांच्याही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

बहिणीचे घर रामघाटाच्या वरच्या गल्लीत आहे. उज्जैनला न आलेल्या वाचकांसाठी सांगावयाचे तर शिप्रेच्या ह्या घाटावर सिंहस्थाचे मुख्य स्नान होते, पलीकडच्या तीरावर दत्त आखाडा आहे, आणि श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी येथे येऊन शिप्रेच्या पाण्याने देवाची पूजा होते. मेहुण्यांचे फोटोचे लहानसे दुकान घाटाकडे उतरणाऱ्या वाटेवर आहे. दुकान खाली, घर वर. त्यांचे वडील घाटाच्या पायऱ्यांवर तिकाटण्यावरचा पेटीचा कॅमेरा लावून बसत. मेहुण्यांच्या हाती तो धंदा येईपर्यंत पेटी गेली होती, आणि आता तर यात्रेकरू स्वतःच्याच मोबाइलवर फोटो काढतात. तेच फोटो नीटनेटके करून, कागदावर छापून, हवे तर चौकटीत बसवून देणे एवढे काम उरले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक उघडल्यापासून गावात माणसांचा ओघ वाढला, त्याचा थोडाबहुत लाभ ह्या दुकानालाही झाला.

ह्या साऱ्या कामाचा भार एकाच संगणकावर आहे. एका कार्यालयातून निघालेला तो जुना संगणक मेहुण्यांनी स्वस्तात घेतला. त्यात २०१२ साली आलेल्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी मेमरी आणि ३०० वॅटचा एसएमपीएस आहे. दिवसा तो बापाचा, रात्री दुकान बंद झाल्यावर मुलाचा. भाचा अकरावीत आहे. श्रावणभर आणि पुढे नवरात्रात दुकानात राबून त्याने सहा हजार रुपये साठवले होते, आणि त्या पैशांत त्याला ग्राफिक्स कार्ड घ्यावयाचे होते.

"मामा, नवीन नको. जुनंच घेतो. पण दोनातलं कुठलं, तेच समजत नाही."

"दादा, दुकानाचं मशीन आहे ते," मेहुणे म्हणाले. "सवारीच्या दिवशी बंद पडलं, तर गिऱ्हाइकाला काय खेळ दाखवू मी?"

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. शिवाय बापलेकांचे बोलणे गेले काही महिने ह्याच एका विषयाशी येऊन अडत होते, आणि ती अढी बहिणीला कार्डाच्या किमतीपेक्षा महाग पडत होती.

आता ही वस्तू काय, ते थोडक्यात सांगतो. संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र असंख्य ठिपक्यांचे असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. खेळ चालू असताना प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवून ते चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावे लागते. गुणाकार केला तर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपके भरतात. हे काम मुख्य प्रोसेसरला झेपत नाही, म्हणून त्यासाठी वेगळी पाटी बसवतात, तिचे नाव ग्राफिक्स कार्ड. ह्याला मराठी प्रतिशब्द करण्याचा मोह मला झाला होता, 'चित्रफलक' हा शब्द ओठांवर आलाही होता. परंतु भाच्याने ज्या नजरेने पाहिले ती पाहून तो तेथेच सोडून दिला.

भाच्याची निवड दोन कार्डांवर येऊन थांबली होती. पहिले एनव्हिडियाचे जीटीएक्स १०५० टीआय, ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेले. दुसरे एएमडीचे आरएक्स ५७०, एप्रिल २०१७ मध्ये आलेले. दोहोंतही स्वतःची चार जीबी मेमरी. (५७०चे आठ जीबीचेही रूप आहे, पण ते त्याच्या सहा हजारांत बसेना.) जुन्या बाजारात दोन्ही चार-पाच हजारांच्या घरात मिळत होती. ह्या दोन कंपन्यांची स्पर्धा गेली कित्येक वर्षे चालली आहे, आणि दोघींचे मुख्य ठाणे कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा ह्या एकाच गावी आहे. एवढेच नव्हे, एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि एएमडीच्या प्रमुख लिसा सू हे दोघेही तैवानमध्ये जन्मलेले आणि नात्याने दूरचे आप्त. शिंदे-होळकरांच्या माळव्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना अशी भाऊबंदकी समजावून सांगावी लागत नाही. एनव्हिडियाचे एक मोठे कार्यालय पुण्यालाही आहे, तेव्हा ह्या कार्डांच्या घडणीत आपल्या मुलामुलींचा हात अगदीच नसेल असे नाही.

कागदावरचे आकडे पाहिले तर निवाडा दोन मिनिटांत व्हावा. १०५० टीआयमध्ये ७६८ गणक-घटक आहेत, ५७०मध्ये २,०४८. पहिले सेकंदाला सुमारे २.१ लाख कोटी आकडेमोडी करते, दुसरे ५.१ लाख कोटी. पहिल्याच्या मेमरीतून सेकंदाला ११२ गिगाबाइट माहिती ये-जा करते, दुसऱ्याच्या २२४, म्हणजे बरोबर दुप्पट. असे असताना प्रत्यक्ष खेळात दुसरे कार्ड पहिल्याच्या अडीचपट तर नाहीच, दुप्पटही नाही. दीडपटीच्या आसपासच चालते, कधी त्याहूनही कमी. हे कोडे मला भाच्याने घातले नाही, त्याचे मलाच पडले, आणि ते सोडवल्याखेरीज निवाडा देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले.

त्याचे उत्तर मला रामघाटापासून चार पावलांवर, हरसिद्धीच्या अंगणात सापडले. तेथल्या मराठा धाटणीच्या दोन उंच दीपमाळा वाचकांपैकी अनेकांनी पाहिल्या असतील. दोहोंवर मिळून हजाराच्या वर दिवे आहेत, आणि सायंकाळी ते पेटवणारी माणसे हाताला येईल त्या खाचेत पाय रोवून सरसर वर चढतात. भाच्याला मी म्हटले, हे दिवे म्हणजे तुझे ठिपके समज, आणि पेटवणारी माणसे म्हणजे कार्डातले गणक-घटक. माणसे वाढवली की दिवे लवकर पेटतील, हे खरे. पण तेल वर पोहोचले पाहिजे. तेलाची वाट म्हणजे मेमरीचा ओघ. माणसे अडीचपट केली आणि तेल दुप्पटच आले, तर काही माणसे हात बांधून उभी राहतात. शिवाय खाली उभा राहून 'आता हा थर, आता तो थर' असे सांगणारा एक मुकादम लागतो. तो मुकादम म्हणजे संगणकाचा मुख्य प्रोसेसर. त्याचाच आवाज बसला असेल तर वर शंभर माणसे चढवूनही दिवे त्याच्याच गतीने पेटणार. दुकानातला मुकादम २०१२ सालचा होता.

भाचा हसला, पण दृष्टान्त त्याला पटला असावा, कारण लगेच त्याने माझ्या पुढे एक पाऊल टाकले. "मामा, मुकादमाला प्रत्येक कंपनीची वेगळी भाषा बोलावी लागते, तिला ड्रायव्हर म्हणतात. जुन्या डायरेक्टएक्स ११च्या खेळांत एनव्हिडियाची भाषा मुकादमाला कमी दमवते." हे मी नंतर ताडून पाहिले, आणि ते खरे आहे. थकल्या प्रोसेसरवर १०५० टीआय आपल्या ऐपतीच्या जवळपास काम करते. ५७० आपली पुरी ऐपत दाखवूच शकत नाही.

वाचून पोहायला येत नाही, म्हणून दिवाळीनंतरच्या एका रविवारी परीक्षाच घ्यायचे ठरवले. फ्रीगंजात संगणक दुरुस्त करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. तो दोन्ही कार्डे आणि एक ४५० वॅटचा एसएमपीएस घेऊन दुकानात आला. उज्जैनला सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिचे काम पाहिले. त्या जुन्या यंत्रांजवळ मी दरवर्षी मुलांना नेतो आणि एकच वेध पुन्हा पुन्हा घ्यायला लावतो. तोच नियम येथे लावला. एकच खेळ, एकच जागा, एकच मांडणी, आणि प्रत्येक वाचन तीनदा. मेहुण्यांनी काउंटरवरून आम्हाला पाहिले आणि काही न बोलता फोटोच्या चौकटी पुसत राहिले.

प्रथम 'व्हॅलोरंट' हा २०२०चा खेळ लावला. भाच्याचे निम्मे वर्ग-मित्र हाच खेळतात. त्यात दोन्ही कार्डांत मला काडीचा फरक दिसला नाही. दोन्हींवर चित्रांची संख्या साठाच्या पुष्कळ वर गेली, आणि दोन्हींवर ती मुकादमापाशीच अडली. त्यातही दुकानाचा पडदा सेकंदाला साठ वेळाच चित्र बदलू शकतो, तेव्हा साठावरचे जे काही होते ते पडद्याला दिसतच नव्हते. ज्या मुलांना एवढाच खेळ खेळायचा आहे, त्यांच्या पालकांनी महागड्या कार्डाच्या वाटेस जाण्याचे कारण नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

नंतर 'विचर ३' हा २०१५चा खेळ. ह्यात रान आहे, पाऊस आहे, गवताचे पाते न् पाते हलते. येथे मात्र फरक डोळ्यांना दिसला. उंच मांडणीवर १०५० टीआय चाळिसाच्या आत-बाहेर घुटमळत होते, ५७० साठाच्या जवळ जात होते. चाळीस आणि साठ हे नुसते आकडे नव्हेत. चाळीस म्हणजे एका चित्राला पंचवीस मिलिसेकंद, साठ म्हणजे सोळा-सतरा. घोडा वळवताना पहिल्या कार्डावर रान किंचित ओढल्यासारखे वाटे, दुसऱ्यावर ते सरळ वाहत जाई. माझ्या पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांनाही ते कळले. पण तोच घोडा रानातून शहराच्या गर्दीच्या बाजारात नेला, तेव्हा ५७०चा तोरा उतरला. पन्नास-साठ माणसे इकडेतिकडे हिंडू लागली की त्यांचे हिशोब मुकादमाला करावे लागतात, आणि मुकादमाला दम लागला. तेथे दोन्ही कार्डांतले अंतर जवळजवळ मिटले. 'जीटीए ५'मध्येही प्रकार साधारण हाच. ५७०वर मांडणी एक पायरी वर ठेवता येत होती, पण कागदावरच्या आकड्यांनी जे वचन दिले होते ते काही पाळले गेले नाही.

मध्येच भाच्याने 'राजी' नावाचा खेळ लावला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळींनी केलेला आणि २०२० साली आलेला हा खेळ. धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, आणि आपल्या पुराणांतले देव-दानव, अशी त्याची कथा. मध्यम मांडणीवर तो दोन्ही कार्डांवर निर्विघ्न चालला. मेहुणे चौकट हातात धरून प्रथमच पडद्याजवळ आले. "हे आपल्याकडच्या पोरांनी केलंय?" एवढे विचारून ते परत गेले.

आता विजेचा प्रश्न. माझ्या मते जुन्या संगणकांच्या बाबतीत सगळ्यात आधी पाहावयाची गोष्ट हीच, आणि मुले नेमकी हीच शेवटी पाहतात. १०५० टीआय ७५ वॅट घेते, आणि तेवढी वीज ज्या खाचेत कार्ड बसते त्या खाचेतूनच मिळते. बहुतेक कार्डांना वेगळी तार लावावी लागत नाही. ५७० बरोबर दुप्पट, १५० वॅट घेते, आणि त्याला एसएमपीएसमधून निराळी जोडतार हवी. दुकानातल्या ३०० वॅटच्या एसएमपीएसला ती तारच नव्हती. पहिल्या कार्डासाठी कंपनी एकूण ३०० वॅटचा एसएमपीएस सुचवते, दुसऱ्यासाठी ४५०चा. बाजारात जुळवाजुळव करून देणाऱ्या तारा मिळतात. त्या अशा संगणकाला लावणे म्हणजे घरच्या पंख्याच्या तारेवर पिठाची गिरणी चालवणे होय. चांगला एसएमपीएस दोन-अडीच हजारांना पडतो. म्हणजे ५७०ची खरी किंमत चार-पाच हजार नव्हे, सहा-सात हजार. मासिक बिलाची भीती मात्र मेहुण्यांनी उगाच धरली होती. रोज दोन तास खेळले तरी दोन कार्डांतला फरक महिन्याला साडेचार युनिटांच्या वर जात नाही. हा हिशोब मी त्यांना दुकानातल्या पावतीच्या पाठीवर मांडून दाखवला. तो त्यांनी दोनदा तपासला आणि पावती गल्ल्यात ठेवली.

येथे थोडे विषयांतर करून जुन्या कार्डांच्या बाजाराविषयी सांगितले पाहिजे, कारण फसगत होते ती येथेच. २०१७ पासून मधूनमधून, आणि २०२१च्या टंचाईत तर फारच, ही कार्डे खेळासाठी नव्हे तर आभासी नाणी 'खणण्यासाठी' विकत घेतली गेली. एएमडीची ५७० आणि ५८० ही त्या कामातली लाडकी जनावरे. रात्रंदिवस, महिनोन्महिने, एका मांडणीवर सहा-सहा, आठ-आठ कार्डे जुंपलेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम ह्या नाण्याने आपली पद्धत बदलली, खाणकाम एका दिवसात निरुपयोगी झाले, आणि ती सगळी कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांपैकी पुष्कळ आजही चालू आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण पंख्यांच्या बेअरिंगा झिजलेल्या असतात, आतला लेप वाळलेला असतो, आणि कित्येकांच्या अंतर्गत आज्ञावलीत खाणकऱ्यांनी आपल्या सोयीचे फेरफार करून ठेवलेले असतात. दुसरा प्रकार नावाचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनमध्ये 'आरएक्स ५८० २०४८एसपी' नावाचे कार्ड निघाले. खऱ्या ५८०मध्ये २,३०४ घटक असतात. ह्यात ५७०एवढेच २,०४८. नाव थोरल्याचे, अंग धाकट्याचे. एनव्हिडियाच्या घरीही हे पाप आहेच: १०६०चे तीन जीबीचे आणि सहा जीबीचे अशी दोन रूपे आली, तेव्हा फरक केवळ मेमरीचा असावा असे कोणालाही वाटेल, प्रत्यक्षात एकात १,१५२ घटक आणि दुसऱ्यात १,२८०. आणि तिसरा प्रकार सरळ लबाडीचा. अतिशय जुन्या कार्डाच्या आज्ञावलीत नाव बदलून ते १०५० टीआय म्हणून विकणे.

इंदूरच्या एका दुकानात आम्हाला ५८० म्हणून एक कार्ड दाखवण्यात आले होते. भाच्याने जीपीयू-झेड नावाचे छोटे, फुकट मिळणारे सॉफ्टवेअर लावून घटकांची संख्या पाहिली, आणि पडद्यावर २,०४८ आले. दुकानदार शांतपणे म्हणाला, "भैया, चलेगा तो वैसा ही।" भाच्यानेही तितक्याच शांतपणे कार्ड परत केले. जुने कार्ड घ्यायला जाताना हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जावे, कार्ड अर्धा तास तरी चालवून पाहावे, पंख्याला कान लावावा, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावरच्या नावाकडे मुळीच पाहू नये, असा माझा सर्व मामा-काकांना सल्ला आहे.

तर रविवारची दुपार टळली तेव्हा हिशोब असा होता. निव्वळ खेळासाठी घ्यायचे, प्रोसेसर बरा असेल आणि एसएमपीएस बदलायची तयारी असेल, तर आरएक्स ५७० निःसंशय सरस. ह्यात मी भीड ठेवत नाही. जुन्या कार्यालयी संगणकात आहे तसे बसवून द्यायचे तर १०५० टीआय. दोन्ही कार्डे आता वृद्ध आहेत, हेही लक्षात ठेवले पाहिजे. २०२४च्या डिसेंबरात आलेला 'इंडियाना जोन्स' आणि २०२५चा नवा 'डूम' ही कार्डे असलेल्या संगणकावर चालत नाहीत, कारण प्रकाशकिरणांचा माग काढण्याची जी सोय त्यांना लागते ती ह्यांच्या अंगी नाही. एएमडीने २०२३च्या नोव्हेंबरात ५७०च्या पिढीला नियमित ड्रायव्हरच्या पंगतीतून उठवून वेगळे वाढले. एनव्हिडियाने १०५०च्या पिढीसाठी नवनव्या खेळांचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. फक्त सुरक्षेची डागडुजी ऑक्टोबर २०२८ पर्यंत चालू राहील. सिंहस्थही २०२८मध्येच आहे. तोपर्यंत दुकानाला एवढे पुरे, असे मनाशी म्हणून मी उठण्याच्या बेतात होतो.

तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, अजून एक राहिलं." आणि त्याने ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर उघडले. हे विनामूल्य मिळते, आणि त्यात वस्तूंचे घन आकार रचून, त्यांवर ऊन-सावली पाडून चित्रे व चलच्चित्रे करता येतात. पडद्यावर प्रथम नुसत्या करड्या रेघा आल्या. मग त्यांतून पायऱ्या दिसू लागल्या. मग छत्र्या, देवळांची लहान शिखरे, पाण्याची कड. रामघाट होता. गेले वर्षभर रात्री दोन-दोन तास तो हे करीत होता, आणि पायऱ्यांची लांबी-रुंदी त्याने पहाटे जाऊन शिवणकामाच्या फितीने मोजली होती. घरात कोणालाच हे ठाऊक नव्हते. रात्री पडदा उजळलेला दिसला की मुलगा खेळतो आहे, असाच सर्वांचा समज.

त्या रेघांचे पूर्ण चित्र करायला ब्लेंडरचे 'सायकल्स' नावाचे अंग लागते, आणि त्याला कार्डाची मदत मिळाली तर तासांचे काम पुष्कळ थोडक्यात होते. येथे तराजू उलटला. १०५० टीआय लावल्यावर मदतनिसांच्या यादीत त्याचे नाव आले आणि चित्र ठिपक्या-ठिपक्याने भरू लागले. ५७० लावल्यावर यादी रिकामी. डिसेंबर २०२१च्या ३.० आवृत्तीपासून ब्लेंडरने जुनी ओपनसीएल पद्धत काढून टाकली. एएमडीसाठी जी नवी आली ती पुढच्या पिढ्यांपुरती, ५७०च्या वाट्याला ती आलीच नाही. रेघा हलवायला-फिरवायला तेही कार्ड उत्तम. पण शेवटचे चित्र काढायची वेळ आली की सारा भार पुन्हा त्या २०१२च्या मुकादमावर. खेळाच्या परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी ह्या पेपरात कोरी वही देऊन बाहेर पडला.

चित्र भरत असताना मेहुणे मागे येऊन उभे राहिले होते. वरून तिसऱ्या-चौथ्या पायरीवर एक तिकाटणे, त्यावर पेटी आणि शेजारी लाकडी स्टूल होते. भाच्याचा जन्म होण्यापूर्वीच त्याचे आजोबा गेले. पेटी त्याने पाहिलेली नाही. घरातल्या एका पिवळ्या पडलेल्या फोटोवरून त्याने ती केली होती. कोणी बोलेना. बाहेर आरतीची घंटा सुरू झाली होती.

"आबा इथं नव्हते बसत," शेवटी मेहुणे म्हणाले. "दोन पायऱ्या खाली. दुपारी छत्रीची सावली तिथंच येते."

भाच्याने माउस हलवून पेटी दोन पायऱ्या खाली आणली. "इथं?"

"अजून जरा डावीकडे. हां."

माझा जुना विद्यार्थी दोन्ही कार्डे पुठ्ठ्यात गुंडाळण्यासाठी ताटकळला होता. मी त्याला खुणेनेच थांबवले.

रात्री जेवताना भाच्याने मला विचारले, "मामा, खेळायला ५७० आणि घाटाला १०५०. काय करू?" मी त्याला खेळाविषयीचे माझे मत पुन्हा एकदा सांगितले, दोन्ही बाजूंचा खर्च सांगितला, आणि पैसे त्याचे आहेत हेही सांगितले. ह्यापलीकडे मी काही बोललो नाही. मेहुणे काही बोलले नाहीत, हे अधिक महत्त्वाचे. मंगळवारी भाच्याने साडेचार हजारांना १०५० टीआय घेतले. एसएमपीएस बदलावा लागला नाही. उरलेल्या पैशांत आणखी ८ जीबी जुनी मेमरी आली, तिच्यामुळे मेहुण्यांची फोटो छापण्याची कामेही पूर्वीसारखी अडखळत नाहीत. ५७० फ्रीगंजात आठवडाभरही पडून राहिले नाही. नानाखेड्याकडच्या एका मुलाने चांगल्या एसएमपीएससह ते नेले, आणि त्याच्या संगणकात ते उत्तम चालते असे ऐकतो.

भाचा आता 'विचर' मध्यम मांडणीवर खेळतो आणि त्याविषयी थोडी कुरकूर करतो. झोपण्यापूर्वी घाटाचे एक चित्र संगणकाला लावून ठेवतो; सकाळपर्यंत ते भरून तयार असते. मेहुणे दुकानाचे शटर वर करण्याआधी पडदा लावून ते पाहतात. पेटीवरचे फडके बाहेरून काळे असले तरी आतून तांबडे होते, असे परवा त्यांनी सांगितले. भाच्याने ते बदलायला घेतले आहे.